आगळाची बाटली आणि जहाजावरचं पनीर

दादाने पन्नाशी जहाजावर साजरी करायची ठरवली आणि एका रात्री घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भल्याथोरल्या पांढऱ्या जहाजाचा फोटो येऊन पडला. मुंबई–गोवा–मुंबई, तीन रात्री, आम्ही नऊ जण. खाली वहिनीने लगेच लिहिलं, "जेवण सगळं पॅकेजमध्ये, अनलिमिटेड!!" बाकीच्या आठ जणांसाठी ते खरंच अनलिमिटेड होतं. माझ्या वाटणीला काय येणार, ते मी साधारण ओळखून होते. काकडी, टोमॅटो, कलिंगड.

मी सहा वर्षांपासून व्हीगन आहे. मासे-मटण-अंडी तर नाहीतच, दूध, दही, तूप, लोणी, पनीर, मध हेही नाही. आम्ही मूळचे वेंगुर्ल्याकडचे. ताटात मासळी नसेल त्या दिवशी जेवलो असं न मानणारं घर. सुरुवात डॉक्टरांमुळे झाली, दूध पचत नव्हतं. पुढे एकदा तबेल्यात जायचा योग आला, रेडकांचं काय होतं ते कळलं, आणि मग दूध पचलं असतं तरी प्यायले नसते. ती हकिगत इथे नको, जेवणाची पोस्ट आहे. आईचं तेव्हाचं वाक्य मात्र अजून घरात चालतं: "मासे सोडलस ता समजलंय. पण दूध? मगे खातलस काय, वारो?"

बुकिंगच्या फॉर्मवर तीन चौकोन होते. व्हेज, नॉनव्हेज, जैन. मी व्हेजवर टिचकी मारली आणि खालच्या 'विशेष विनंती'च्या रकान्यात सगळं सविस्तर लिहिलं. आठ दिवसांनी फोन केला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "डोन्ट वरी मॅम, आपलं प्युअर व्हेज किचन सेपरेट आहे." मी म्हटलं, अगं मला वेगळं किचन नको, मला दूध नको. "ओके मॅम, नो मिल्क. चहा ब्लॅक देऊ." दुसऱ्यांदा फोन केला तर दुसराच मुलगा, आणि त्याला माझी विनंती कुठे सापडेना. मग मी ईमेल केला आणि तो छापून पर्समध्ये ठेवला. बँकेत बावीस वर्षं काढली आहेत, माझा कागदावर विश्वास आहे.

त्या मुलीला तरी काय दोष द्यायचा? आपल्याकडे 'शुद्ध शाकाहारी' म्हटलं की त्यात दूध गृहीत असतं. उलट जितकं शुद्ध तितकं तूप जास्त. पाकिटावरचा हिरवा ठिपकाही दुधाला पोटात घेतो. एफएसएसएआयने, म्हणजे खाण्यापिण्याचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने, व्हीगन पदार्थांसाठी वेगळे नियम आणले ते २०२२ मध्ये, आणि त्यासाठी हिरव्या 'व्ही'चं चिन्ह केलं. माझ्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडे ते शोधायला गेलात तर तो तुम्हाला विटामिनच्या गोळ्या दाखवेल. (त्याही मी घेतेच म्हणा. बी-१२ वनस्पतींतून मिळत नाही, त्यावर माझा उपाय गोळी. दादा त्या गोळीला 'ताईचं सुरमई फ्राय' म्हणतो.)

तर फेब्रुवारीतल्या एका दुपारी आम्ही बॅलार्ड पिअरला रांगेत उभे. सामान स्कॅनरमधून चाललं होतं. आईची पिशवी आत गेली आणि पट्टा थांबला.

पिशवीतून एक बाटली निघाली. मूळची सरबताची, लेबल खरवडून काढलेलं, आत गडद लाल, जवळजवळ काळं पाणी. तोंडाला प्लास्टिकची पिशवी रबराने आवळलेली. सिक्युरिटीच्या पोराने ती उजेडात धरली, तिरकी केली, मग आईकडे बघितलं. आई शहात्तर वर्षांची, कपाळाला कुंकू, हातात काठी.

"माताजी, वाइन है?"

"वास घेवन बघ," आई म्हणाली.

त्याने रबर सोडलं, झाकण फिरवलं, नाक पुढे नेलं आणि झटक्यात मागे घेतलं. आगळाचा वास ज्याने आयुष्यात घेतला नाही, त्याला तो एकदम डोक्यात जातो. आंबट, खारट, आणि मागे कुठेतरी उन्हात तापलेल्या फळाचा. "ये क्या है?"

"आगळ."

"आगल?"

"आगळ रे. ळ, ळ."

मी मध्ये पडले. कोकम आहे, नमक डालके रखा है, शराब नहीं है. त्याला पटलं, पण घरून आणलेलं उघडं पेय आत न्यायचं नाही हा नियम होता, आणि नियम आगळाला ओळखत नव्हता. बाटलीच्या गळ्यात एक चिठ्ठी बांधली गेली, चिठ्ठीवर केबिनचा नंबर, आणि ती एका प्लास्टिकच्या ट्रेमध्ये जाऊन बसली. शेजारी तीन खऱ्याखुऱ्या दारूच्या बाटल्या होत्या. उतरताना परत मिळेल, असं सांगितलं. आई काठी टेकत पुढे निघाली आणि मला म्हणाली, "माझा आगळ बंदीखान्यात."

फणसपोळीची दोन पाकिटं आणि भाजलेले काजू मात्र सुटले.

जहाज संध्याकाळी सुटलं. त्याआधी सगळ्यांना गोळा करून लाइफ जॅकेट कसं बांधायचं त्याचा वर्ग झाला, मग जेवण. बुफे म्हणजे काय वर्णावं! एका टोकाला उभं राहिलं तर दुसरं टोक दिसत नव्हतं. मी ताट न घेता आधी नुसती एक फेरी मारली. ही माझी लग्नाकार्यातली जुनी सवय आहे, लोक मला अन्न-निरीक्षक समजतात. शाकाहारी बाजूला चौदा पदार्थ होते. पनीर लबाबदार, मलई कोफ्ता, दाल मखनी, पांढऱ्या सॉसमधला पास्ता, तुपाने चमकणारा जिरा राइस, नानवर लोण्याचा हात फिरवलेला. नऊ पदार्थांत दूधदुभतं उघड दिसत होतं. उरलेल्या पाचांवर माझा संशय होता. गोडाच्या टेबलाबद्दल बोलायलाच नको, तिथे एका फळांच्या बशीखेरीज सगळं सायीत पोहत होतं.

जैन काउंटर स्वतंत्र होता. तो बघून मला नेहमी आदर वाटतो. वेगळे डाव, वेगळी भांडी, पाटी स्वच्छ, वाढणाऱ्या माणसाला प्रत्येक पदार्थात काय आहे ते तोंडपाठ. जहाजावर जैन जेवण मिळतं, कारण जैन कुटुंबं चाळीस-चाळीसच्या घोळक्याने येतात आणि मिळालं नाही तर पुढच्या वेळी येत नाहीत. मी छापील ईमेल घेऊन एकटी उभी. पण त्या काउंटरवरही कांद्याशिवायचं का होईना, पनीरच होतं.

उंच टोपीवाले शेफ फिरत होते, त्यांना गाठलं.

"व्हीगन? म्हणजे अंडं चालतं ना मॅडम?"

"नाही."

"मग चीज?"

"नाही."

त्यांचा चेहरा असा झाला की जणू मी उपाशी मरायला जहाजावर आले आहे आणि त्याचा पंचनामा त्यांना करायला लागणार. "सॅलड आहे," ते म्हणाले.

इथे मी नेहमी एक गोष्ट करते. व्हीगन हा शब्द सोडून देते. तो ऐकला की स्वयंपाकी घाबरतो. त्याला वाटतं, आता काहीतरी परदेशी आणि महागडं करावं लागणार, सामान नाही, वेळ नाही. मी विचारलं, "शेफ, तुमच्या ग्रेव्ह्या किती?"

शेफच्या चेहऱ्यावर एकदम माणूस परत आला. हॉटेलच्या मुदपाकखान्यात भाज्या रोज पन्नास प्रकारच्या होतात, पण खाली रस्से मोजकेच असतात, सकाळी मोठ्या पातेल्यांत करून ठेवलेले. एक मखनी: टोमॅटो, लोणी, क्रीम. एक पांढरा: काजू, मगज, दही किंवा साय. आणि एक कांदा-टोमॅटोचा, आलं-लसूण घालून तेल सुटेपर्यंत परतलेला. पहिल्या दोघांशी माझं जमत नाही. तिसरा माझाच. त्यात भेंडी घाला, फ्लॉवर घाला, छोले घाला, फक्त वरून मलईची नक्षी काढू नका. मग भाकरी-पोळीचं. नानच्या पिठात दूध किंवा दही असतं, तंदुरी रोटीला कणीक, मीठ, पाणी पुरतं, फक्त शेवटचा बटरचा ब्रश मारू नका. भात साधा.

"बस्स? एवढंच?" शेफ म्हणाले.

पंधरा मिनिटांत भेंडी मसाला, छोले, तीन कोरड्या तंदुरी रोट्या आणि वाफाळता भात टेबलावर. दुसऱ्या दिवशी काय काय हवं ते शेफनी स्वतः वहीत लिहून घेतलं. पुढे जहाजावर मला रात्रीच्या जेवणाची अडचण आली नाही. दादाने माझी भेंडी चाखली आणि स्वतःचं पनीर बाजूला सारलं, ते मी सगळ्यांना दाखवून ठेवलं.

सकाळचा नाश्ता त्याहून सोपा. पोहे, इडली-सांबार, पपई. उपमा मात्र विचारून घ्यायचा, त्यात रवा लोण्यावर भाजलेला निघाला. चहाला सोयाचं दूध बारमध्ये मिळतं, वेगळे पैसे पडतात, आणि चहा फाटल्यासारखा दिसतो. मी कोरा चहा पिते. याहून जास्त त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

पहिल्या रात्री जेवून आम्ही डेकवर जाऊन बसलो. खाली कुठेतरी डीजे धडधडत होता. वर वारा, काळोख आणि दूरवर मच्छीमार बोटींचे दिवे, एवढे की गाव वसलंय असं वाटावं. आई खुर्चीत शाल पांघरून बसली आणि तिने आगबोटीचं सुरू केलं. हे आम्ही लहानपणापासून ऐकतोय, पण समुद्रावर बसून पहिल्यांदाच ऐकत होतो.

आगबोटींची नावं तिला अजून पाठ. रोहिणी, चंपावती, नंतरची कोकण सेवक, कोकण शक्ती. भाऊच्या धक्क्यावरून सुटायची. मग हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला, पुढे पणजी. बोट बाहेर समुद्रात उभी राहायची आणि पडावातून, म्हणजे लहान होडीतून, माणसं, ट्रंका, कोंबड्या, फणस, आजारी म्हाताऱ्या, सगळं ने-आण व्हायचं. पडाव वरखाली होत असताना वरच्या खलाशाने हात धरून ओढून घ्यायचं. आईच्या आजीने 'रामदास' बुडाल्यानंतर आगबोटीत पाऊल टाकलं नाही. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या, रेवसला निघालेली बोट, सहाशेच्या वर माणसं गेली. आजीचं त्यात कोणी नव्हतं. तरी नाही म्हणजे नाही.

"आणि जेवायचात काय?" माझ्या भाचीने विचारलं.

आई म्हणाली, डेकवर चादर पसरायची आणि गाठोडं सोडायचं. तांदळाची भाकरी, लाल चटणी, भाजलेला सुका बांगडा. ज्याला बोट लागायची त्याच्या तोंडात आमसूल. गूळ-खोबरं. तांदळाचे लाडू. उकड्या तांदळाचे पोहे. मी बोटांवर मोजत होते. बांगडा वगळला तर मला सगळं चाललं असतं.

"दूध?" मी मुद्दाम विचारलं.

"दूध चायपुरता," आई म्हणाली. "ता पण पावण्यांका."

हे खरं आहे आणि आम्हा कोकण्यांच्या लक्षात राहत नाही. आमच्याकडची गाय लहानखुरी, आता जिला कोकण कपिला म्हणतात ती. डोंगरउतारावर चरायला चपळ, पण दूध बेताचं. दूध नाही म्हणून कुणाचं अडलं नाही, कारण परसात माड होता. शिरवाळ्यांवर गूळ घातलेला नारळाचा रस. खापरोळी त्याच रसात बुडवायची. काळ्या वाटाण्याच्या सांबारात भाजलेल्या खोबऱ्याचं वाटप. ओल्या काजूगरांची उसळ, फणसाची भाजी, अळूचं फतफतं, कुळथाची पिठी, घावणे, आंबोळ्या, सोलकढी. यातल्या कशातही गाय-म्हैस नाही. आणि हे कुठलंही तत्त्वज्ञान म्हणून नाही, होतं ते शिजवलं.

मात्र यावरून कोणी 'आमचं कोकण मुळातच व्हीगन' असं लिहायला लागलं, तसं हल्ली लिहितात, की मला हसू येतं. अहो, आमच्याकडे वांग्याच्या भाजीतही सोडे, म्हणजे सुकी कोळंबी, असतात. कोबीत जवळा, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, असतो. 'भाजीच आहे गो' असं म्हणून वाढलेल्या भाजीत मला चिमुकले काळे डोळे माझ्याकडे बघताना सापडलेले आहेत. मोदकावर तुपाची धार नसेल तर माझी मावशी गणपतीची माफी मागते. कोकणात दूध कमी होतं एवढंच खरं. त्या जागी समुद्र होता.

पहाटे साडेपाचला आईने मला हलवून उठवलं. "चल." मी शाल घेतली, डेकवर गेलो. वारा थंडगार. पूर्वेकडे पाण्याच्या रेषेवर एक दिवा लुकलुकत होता, विझायचा, परत यायचा. "ती बग, आमची बत्ती." तिने तो वेंगुर्ल्याचाच ठरवला होता आणि माझी वाद घालायची ताकद नव्हती. वेंगुर्ल्यासमोर समुद्रात खडकांची बेटं आहेत, त्यांना बर्न्ट आयलंड्स म्हणतात, तिथे दीपगृह आहे. तिथल्या गुहांत पाकोळी नावाचे छोटे पक्षी राहतात. स्वतःच्या लाळेने घरटी बांधतात, आणि ती घरटी सूप करायला परदेशात म्हणे सोन्याच्या भावाने जातात. म्हणून चोरटी माणसं रात्री बेटावर चढून घरटी ओरबाडायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे संरक्षणाचं काम केलं. पक्ष्याच्या लाळेचं सूप पिणारी माणसं जगात आहेत आणि मला विचारतात, दूध का पीत नाही.

गोव्यात मुरगावला उतरलो. बाकीची मंडळी किनाऱ्याकडे गेली, मी आणि आई वास्कोच्या बाजारात. तिथे एका छोट्या हॉटेलात भाजी-पाव खाल्ला. पातळ भाजी, म्हणजे पांढऱ्या वाटाण्यांचा खोबऱ्याच्या वाटपाचा रस्सा, आणि वर सुकी बटाट्याची थोडी. पोयी कोंड्याची, आतून पोकळ, नुकती आलेली. मी नेहमीचा प्रश्न विचारला, भाजी तेलातली ना? गल्ल्यावरच्या बाईंनी असं बघितलं, जणू मी पाण्याला 'ओलं आहेस का' असं विचारलं. आणखी एक प्लेट मागवली. तीन दिवसांतलं सगळ्यात उत्तम जेवण हे, आणि जहाजाच्या पॅकेजमध्ये ते नव्हतं.

बाजारात एक बाई ओले काजूगर घेऊन बसली होती, सोललेले, पानावर मोजून मांडलेले. ओले काजू शेकड्यावर विकतात, आणि फेब्रुवारीतले पहिले म्हणजे भाव ऐकून आपणच मागे सरकावं. आईने तो ऐकला, दोन काजूगर हातात घेऊन दाबून बघितले आणि परत ठेवले. "बंदीखान्यात टाकतले," ती म्हणाली. त्याऐवजी तिने सोलांचं पाकीट घेतलं. सोलां म्हणजे आपली आमसुलं. काळी, मऊ, मिठाने किंचित ओलसर. परत चढताना स्कॅनरमधून ती निमूट गेली. सुकी, पाकीटबंद, नियमात बसणारी. आई त्या पोराकडे विजयी नजरेने बघत पुढे गेली. पोरगा दुसराच होता.

तिसरा दिवस नुसता समुद्र. दुपारी बुफेत 'थाई ग्रीन करी, व्हेज' अशी पाटी दिसली आणि मी खूश झाले, कारण त्यात नारळाचं दूध असतं. लाइव्ह काउंटरवर एक विशी-बाविशीचा पोरगा होता. मी विचारलं, यात दूध-क्रीम काही नाही ना? "नाही मॅडम, फक्त कोकोनट मिल्क." मग तो थांबला, आणि मला हे आवडलं की तो थांबला. आत जाऊन करीच्या पेस्टचा डबा घेऊन आला आणि मागचं बारीक अक्षरातलं वाचून दाखवलं. कोळंबीची पेस्ट.

म्हणजे थायलंडमध्येसुद्धा भाजीत जवळा! मी मोठ्याने हसले आणि आईला मालवणीत सांगितलं. तिथून पोराचा चेहरा बदलला.

"आजीनू, खंयचे तुमी?"

"वेंगुर्ल्याचे. तू?"

"मी कुडाळचो."

पुढची दहा मिनिटं त्या काउंटरवर थाई करी थंड होत राहिली. कुठली वाडी, कोणाचा कोण, मामा कुठे, शाळा कुठली. आईने त्याला आगळाच्या अटकेची हकिगत सांगितली, पिशवीतून सोलांचं पाकीट काढलं आणि सरळ विचारलं, नारळाचं दूध आहे ना तुझ्याकडे, मग सोलकढी का नाही? त्याने इकडेतिकडे बघितलं आणि पाकीट घेतलं.

चार वाजता, गर्दी नसताना, दोन ग्लास आले. रंग अगदी हवा तसा, फिकट गुलाबी. वर कोथिंबीर. आम्ही दोघींनी घोट घेतला आणि एकमेकींकडे बघितलं. डब्यातलं नारळाचं दूध घट्ट, शिळं, जिभेवर थर बसणारं. आमसुलं गरम पाण्यात घाईने भिजवलेली, त्यामुळे आंबटपणा वर-वर आणि खाली सगळं तेलकट. लसणीचा फक्त वास. पोरगा समोर उभा. आईने ग्लास पूर्ण संपवला, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "बरी झाली हां." तो गेल्यावर माझ्याकडे वळली. "खोबरेल पियाल्यासारख्या लागता."

पण त्या पोराने संध्याकाळी दुसरंच काही आणलं. रात्री मी टेबलावर बसल्यावर त्याने गुपचूप एक वाडगा ठेवला. पिवळी पातळ डाळ, वर लसूण-मिरचीची तेलाची फोडणी, शेजारी कोबीची भाजी, मोहरी-हळदीची, मटार घालून. "आमच्या मेसमधला आसा मॅडम. आमका तूप-बीप नसता." ते पाहुण्यांना द्यायला चालतं की नाही, मी विचारलं नाही. त्याला अडचण नको म्हणून जहाजाचं नावही इथे लिहीत नाही.

ती डाळ मी चमच्याने, मग वाडगा तोंडाला लावून प्यायले. आणि तेव्हा डोक्यात आलं की वरच्या मजल्यावर शेकडो लोकांसाठी जे शिजतं, त्यात लोणी-मलई पडते ती पाहुण्याचा मान म्हणून. आईच्या घरी दूध पाहुण्याच्या चहापुरतं असायचं, तसंच. पॅकेजमध्ये तुम्ही पाहुणे असता, आणि पाहुण्याला साधं वाढणं म्हणजे त्याचा अपमान. मला साधं हवं होतं. ते खालच्या डेकवर रोज दोन वेळा शिजत होतं, बिनतुपाचं, कारण तूप परवडत नाही.

कोणाला असं जायचं असेल तर माझं इतकंच सांगणं. फॉर्मच्या भरवशावर राहू नका. चढल्या दिवशीच, पहिल्या जेवणाआधी, रेस्टॉरंटच्या मॅनेजरला गाठा. काय खात नाही ते एका दमात सांगा, हिंदीत, नाव घेऊन: दूध, दही, घी, मक्खन, क्रीम, पनीर, चीज, अंडा, शहद. मग काय खाता तेही सांगा, पदार्थाचं नाव घेऊन. आणि सुकं खाणं पाकीटबंद न्या. फणसपोळीने मला दोन मध्यरात्री वाचवलं.

मुंबईला उतरताना बाटल्यांच्या टेबलाशी रांग होती. आमच्या पुढच्या गृहस्थांनी स्कॉच घेतली, सही केली. मग आईचा नंबर. तिने बाटली हातात घेऊन आधी उजेडात धरून पातळी बघितली, कोणी प्यायलं तर नाही ना, आणि मग सही केली. टॅक्सीत बाटली मांडीवर. रबर सोडून झाकण उघडलं तसा ड्रायव्हरने आरशातून मागे बघितलं.

घरी आल्यावर आधी नारळ फोडला. खवून, कोमट पाण्यात मिक्सरला फिरवून, फडक्यातून दोनदा पिळून. लसणीच्या दोन पाकळ्या आणि हिरवी मिरची ठेचून. वरून आगळ, रंग बघत बघत. मीठ नाही घालायचं, आगळातच असतं. प्रवासातले कपडे तसेच बॅगेत.

बाटली अजून ओट्यावर आहे. गळ्यातली चिठ्ठी आईने काढू दिली नाही, केबिनचा नंबर आता शाई पसरून वाचता येत नाही. तळाशी चार बोटं आगळ उरलं आहे. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकायला अजून दीडेक महिना, तोवर पुरवायचं म्हणून आई रविवारचीच सोलकढी करते.